घोरणे, निद्राश्वासरोध आणि दंतवैद्यकीय उपचार

घोरणे हा आपल्या समाजात फार पूर्वीपासून विनोदाचा विषय होऊन राहिला आहे. कुंभकर्णाच्या निद्रेचे वर्णन ऐकून लहानथोर हसतात. घरातील एखादा वडीलधारा माणूस रात्री घोरू लागला, की ‘दिवसभर दमले आहेत, गाढ झोप लागली आहे’ असे म्हणून बाकीची मंडळी कूस पालटतात. घोरणे म्हणजे गाढ झोपेचे लक्षण, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिची परीक्षा करून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः घोरण्याचा ध्वनी हा श्वासमार्ग अरुंद झाल्याचा ध्वनी होय. हा ध्वनी मध्येच थांबून काही क्षण शांतता पसरली आणि नंतर एकदम गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा घोरणे सुरू झाले, तर मधल्या त्या शांततेचा अर्थ विश्रांती असा नसून श्वास बंद पडला होता असा असण्याचा संभव असतो.

या विकारावर जे उपचार आज उपलब्ध आहेत त्यांपैकी एक दंतवैद्याच्या हातचा आहे. झोपताना दातांवर बसवावयाचे एक साधन खालच्या जबड्यास काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते, आणि तेवढ्याने पुष्कळ रोग्यांचे घोरणे थांबते. साधन लहान, विजेवाचून चालणारे व खिशात मावणारे असल्यामुळे रोग्यांस ते आवडते. तथापि घोरणे थांबले म्हणजे विकार बरा झाला काय, हा प्रश्न वेगळा आहे. दंतवैद्यकाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच असल्यामुळे प्रस्तुत लेखात श्वासमार्गाची रचना, विकाराचे स्वरूप, साधनाची कार्यपद्धती, त्याची परिणामकारकता व त्याचे दोष यांचे विवेचन या प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचे आहे.

१. श्वासमार्गातील दुर्बळ भाग

नाकपुड्यांपासून फुप्फुसांपर्यंतच्या मार्गाचा विचार केला असता असे दिसते, की नाकाच्या पोकळीस अस्थी व कूर्चा यांचा आधार आहे; श्वासनालाच्या भिंती कूर्चेच्या कड्यांनी ताठ राहिल्या आहेत. या दोहोंच्या मध्ये जी ग्रसनी, तिला मात्र असा ताठ आधार नाही. गिळणे, बोलणे व श्वास घेणे ही तिन्ही कार्ये एकाच पोकळीतून व्हावयाची असल्यामुळे तिच्या भिंती आकुंचन पावणाऱ्या व आकार बदलणाऱ्या असणे अवश्य होते. जी लवचीकता गिळण्यास व उच्चारास उपकारक, तीच श्वसनाच्या दृष्टीने अपायकारक ठरू शकते.

जागेपणी ही लवचीक नळी स्नायूंच्या ताणामुळे उघडी राहते. या स्नायूंत जिभेचा जो मुख्य स्नायू तो प्रमुख होय. त्याचा उगम खालच्या जबड्याच्या पुढील भागाच्या आतल्या बाजूस आहे, आणि तेथून तो पंख्यासारखा पसरत जिभेत शिरतो. म्हणजे जीभ ही खालच्या जबड्यास बांधलेली आहे. जबडा जिकडे जाईल तिकडे जिभेचे मूळ जाते. दंतवैद्यकीय उपचाराची सारी उपपत्ती या एका शारीर संबंधावर उभी आहे, हे विद्यार्थ्यांनी प्रथमच ध्यानात घ्यावे.

निद्रा लागताच या स्नायूंचा ताण कमी होतो. स्वप्नावस्थेच्या निद्रेत तो आणखी घटतो. माणूस उताणा झोपला असेल तर गुरुत्वाकर्षणाने जीभ व मृदुतालू ही दोन्ही मागे सरकतात. मार्ग अरुंद झाला की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तेथील दाब उतरतो, आणि दाब उतरला की सैल भिंती आत ओढल्या जाऊन थरथरू लागतात. मृदुतालू, पडजीभ व घशाच्या भिंती यांच्या या कंपनास आपण घोरणे म्हणतो. ज्या दाबाखाली नळी मिटते त्यास निर्णायक दाब असे म्हटले जाते. निरोगी माणसाच्या ग्रसनीत हा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा बराच खाली असतो, म्हणून हवा आत ओढली जात असतानाही नळी मिटत नाही. घोरणाऱ्या माणसात तो वर सरकलेला असतो. आणि ज्यांचा मार्ग वारंवार पूर्णपणे बंद होतो अशा रोग्यांत तो वातावरणाच्या दाबाच्या बरोबरीस किंवा त्याच्याही वर पोचलेला आढळतो. यावरून साधे घोरणे व श्वासरोध या दोन भिन्न जाती नसून एकाच क्रमातील दोन पायऱ्या आहेत, हे स्पष्ट होईल.

मान व घसा यांतील मेद, लहान किंवा मागे असलेला खालचा जबडा, अरुंद टाळू, मोठे गलग्रंथी, निजण्यापूर्वी घेतलेले मद्य किंवा झोपेची औषधे, वाढते वय, या सर्व गोष्टी या क्रमात माणसास पुढे ढकलणाऱ्या आहेत. एवढ्या मोठ्या यादीत मेद एकटाच दोषी नाही, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. अंगाने सडपातळ परंतु जबड्याने आखूड असा रोगी दंतवैद्याच्या खुर्चीत रोज बसत असतो. तो स्थूल नसल्यामुळे त्याच्याविषयी कोणास शंका येत नाही.

२. विकाराचे स्वरूप व मापन

झोपेत श्वासाचा प्रवाह किमान १० सेकंद थांबला तर त्यास श्वासरोध म्हणावयाचे, आणि प्रवाह सर्वस्वी न थांबता बराच उणावला व त्याबरोबर रक्तातील प्राणवायू उतरला किंवा झोप चाळवली, तर त्यास ऊनश्वसन म्हणावयाचे, असा संकेत आहे. निद्रेच्या दर तासात अशा घटना सरासरी किती घडल्या, ही संख्या म्हणजे विकाराचा निर्देशांक होय. प्रौढांत तो ५ च्या खाली असल्यास प्रकृत, ५ ते १५ असल्यास सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या वर असल्यास तीव्र विकार समजतात. या विकारास इंग्रजी परिभाषेतील ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव आता आपल्याकडेही रूढ झाले आहे. येथे त्यास निद्राश्वासरोध असे म्हटले आहे.

प्रत्येक रोधाच्या शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायूंचा ताण परत येतो आणि मार्ग उघडतो. रोग्यास याची आठवण राहत नाही. निर्देशांक ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांस एकदा झोपेचा भंग, हे गणित केले म्हणजे सात तास झोपूनही माणूस दिवसा पेंगत का असतो, हे समजते. दिवसाची झोपाळू वृत्ती, सकाळची डोकेदुखी, एकाग्रतेचा ऱ्हास, वाहन चालविताना डोळा लागून होणारे अपघात, तसेच वाढलेला रक्तदाब हे या विकाराचे नित्याचे सोबती आहेत. अनेक औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही अशा रोग्यांत हा विकार विशेष प्रमाणात सापडतो.

विकार किती पसरलेला आहे याविषयी १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झालेले संशोधन प्रसिद्ध आहे. ३० ते ६० या वयोगटात ५ किंवा अधिक निर्देशांक पुरुषांत २४ टक्के व स्त्रियांत ९ टक्के आढळला. निर्देशांकासोबत दिवसाची झोपाळू वृत्तीही असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४ व २ टक्के होते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे संशोधन मुंबईचे होय. फरोख उदवाडिया यांचे पुत्र झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात निद्रेतील श्वसनदोष १९.५ टक्के व लक्षणांसहित विकार ७.५ टक्के असे प्रमाण आले. हा विकार पाश्चात्य स्थूल लोकांचा आहे, ही समजूत त्या वृत्तांताने टिकू दिली नाही.

३. जबडा पुढे घेण्याच्या कल्पनेचा इतिहास

जबडा पुढे ओढला असता श्वास मोकळा होतो, ही गोष्ट शस्त्रवैद्यांस भूल देण्याच्या आरंभकाळापासून ठाऊक आहे. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध झालेल्या रोग्याची जीभ मागे पडून तो गुदमरू लागला, की जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटे घालून तो पुढे उचलावयाचा, ही कृती नॉर्वेचे हायबर्ग व जर्मनीचे एस्मार्ख यांच्या नावांनी १८७० ते १८८० या दशकापासून ओळखली जाते. निद्रेसाठीचे साधन म्हणजे या कृतीतील बोटांची जागा दातांवरील पट्ट्यांनी घेणे होय. १९८४ साली जर्मनीत मायर-एवर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे साधन निद्राश्वासरोधावर वापरले तेव्हा त्यास एस्मार्ख यांचेच नाव देण्यात आले, ते याच कारणाने.

त्याही पूर्वी फ्रेंच दंतवैद्यकतज्ज्ञ प्येर रोबँ यांनी १९०२ साली ‘मोनोब्लॉक’ नावाचे एकसंध साधन तयार केले होते. आखूड जबड्यामुळे जीभ मागे पडते व त्यामुळे बालकाच्या श्वासास अडथळा होतो, या गोष्टीकडे त्यांनी वैद्यकाचे लक्ष वेधले. दंतसुधारशास्त्रात जबड्याची वाढ वळविण्यासाठी जी साधने पुढे प्रचारात आली त्यांचा पूर्वज हाच मोनोब्लॉक मानला जातो. म्हणजे दातांची ठेवण सुधारणे व श्वासमार्ग उघडणे हे दोन हेतू आरंभी एकाच साधनात नांदत होते; मधल्या काळात दुसरा विसरला गेला.

विकाराची ओळख मात्र उशिरा पटली. डिकन्स यांच्या १८३६-३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ व सदा पेंगणारा पोरगा आहे. १९५६ साली बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूलता, झोपाळूपणा व अपुरे श्वसन यांनी युक्त अशा एका रोग्याचे वर्णन करताना विकारास या कादंबरीवरून नाव दिले. अशा रोग्यांचा श्वास झोपेत वारंवार थांबतो हे १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी आणि जर्मनीत युंग व कुहलो यांनी स्वतंत्रपणे नोंदीने दाखवून दिले. त्यानंतरही कित्येक वर्षे तीव्र विकारावर गळ्यास छिद्र पाडून श्वासनाल बाहेर उघडणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मुखवट्यातून सतत दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. सीपॅप या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र आजही तीव्र विकारावरील प्रमुख उपाय आहे. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, कार्टराइट व सॅमेलसन यांनी जीभ पुढे धरून ठेवणाऱ्या पेल्यासारख्या साधनाचा वृत्तांत दिला. ज्यांच्या तोंडात दात नाहीत अशांसाठी ते साधन अद्यापि विचारात घेतले जाते.

४. साधनाची रचना व कार्य

प्रचलित साधनात वरच्या व खालच्या दातांवर बसणारे दोन साचे असतात. रोग्याच्या दातांचे माप घेऊन किंवा आता अंकीय चित्र घेऊन ते घडवितात. दोहोंस जोडणारी पट्टी, मळसूत्र किंवा पंखासारखा उंचवटा अशी योजना असते, की खालचा साचा पुढील स्थितीतच वरच्याशी जुळावा आणि ती स्थिती अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या टप्प्यांनी बदलता यावी. आरंभी जबडा त्याच्या कमाल पुढे जाण्याच्या क्षमतेच्या साधारणतः निम्म्यापर्यंत किंवा थोडा अधिक घेतात, आणि नंतर काही आठवड्यांत लक्षणे, सोसवेल तेवढा ताण व तपासणी यांकडे पाहून तो पुढे नेतात. या क्रमशः वाढीस फार महत्त्व आहे. पहिल्या दिवशीच कमाल स्थिती दिल्यास हनुसंधी दुखू लागतो व रोगी साधन कपाटात ठेवून देतो.

उकळत्या पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसवावयाची तयार साधने बाजारात मिळतात. ती दातांवर घट्ट बसत नाहीत, झोपेत निसटतात व त्यांची स्थिती नेमकेपणाने बदलता येत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यक व दंतनिद्रावैद्यक या दोन संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांत मापाने घडविलेल्या व स्थिती बदलता येणाऱ्या साधनासच पसंती दिली आहे.

साधन नेमके काय करते, याविषयीची सामान्य कल्पना अशी, की जीभ पुढे ओढली गेल्यामुळे तिच्या मागची जागा वाढते. ही कल्पना खोटी नाही. परंतु अपुरी आहे. चुंबकीय अनुनादाच्या चित्रणावरून असे दिसून आले, की साधन घातले असता सर्वांत ठळक वाढ मृदुतालूच्या मागील पातळीवर होते, आणि तीही पुढून मागे होण्यापेक्षा आडव्या दिशेने अधिक होते. याचे कारण असे, की घशाच्या बाजूच्या भिंती, मृदुतालू, जीभ व खालचा जबडा ही सर्व स्नायूंच्या व ऊतकांच्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. जबडा पुढे गेला की या पट्ट्या ताणल्या जातात व बाजूच्या सैल भिंती ताठ होतात. तंबूची पुढची दोरी खेचली असता बाजूचे कापडही ताणले जावे, तसाच हा प्रकार आहे. एकूण परिणाम हा, की निर्णायक दाब खाली उतरतो व नळी मिटण्यास पूर्वीपेक्षा अधिक जोराची ओढ लागते.

थोड्या मिलिमीटरांनी एवढा फरक कसा पडावा, ही शंका विद्यार्थ्यांस येते. ताठ व गोल नळीतून संथ प्रवाह वाहत असता तिचा रोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या एकपंचमांशाने वाढली तर १.२ चा चतुर्थ घात सुमारे २.०७ येतो, म्हणजे रोध निम्म्याहून खाली जातो. ग्रसनी ताठही नाही व गोलही नाही, म्हणून हे गणित तिला जसेच्या तसे लागू पडत नाही. तरी लहान बदलाचा परिणाम मोठा का होतो, याची दिशा त्यावरून कळते.

५. परिणामकारकता : दोन उपचारांची तुलना

सीपॅप यंत्र निर्देशांक उतरविण्यात दंतसाधनापेक्षा श्रेष्ठ आहे, याविषयी मतभेद नाही. हवेचा दाब पुरेसा ठेवला तर घसा जवळजवळ प्रत्येक रोग्यात उघडा राहतो. दंतसाधनाने मात्र ढोबळ मानाने एकतृतीयांश रोग्यांचा निर्देशांक ५ च्या खाली येतो, आणखी काहींचा निम्म्याने उतरतो, आणि उरलेल्यांस म्हणण्यासारखा लाभ होत नाही. क्वचित एखाद्या रोग्यात तो वाढलेलाही दिसतो.

असे असता दंतसाधनाचा विचार तरी का करावा? याचे उत्तर रात्रीच्या घड्याळात आहे. यंत्राचा मुखवटा पुष्कळांस रात्रभर सोसत नाही. २०१३ साली सिडनी येथील फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम व तीव्र विकाराच्या रोग्यांत दोन्ही उपचार प्रत्येकी एक महिना देऊन तुलना केली. यंत्राने निर्देशांक सरासरी ४.५ पर्यंत, तर साधनाने ११.१ पर्यंत उतरला. परंतु रोग्यांनी सांगितलेला वापर यंत्राचा रात्री ५.२ तास व साधनाचा ६.५ तास होता, आणि चोवीस तासांच्या रक्तदाबावरील परिणामात दोहोंत फरक आढळला नाही.

ही गोष्ट एका कल्पित उदाहरणाने अधिक उकलेल. एका रोग्याचा निर्देशांक ३० आहे व तो सात तास झोपतो, असे समजू. यंत्राने त्याचा निर्देशांक ३ होतो. परंतु चार तासांनंतर तो मुखवटा काढून टाकतो. त्याच्या रात्रीतील एकूण घटना ४ गुणिले ३ अधिक ३ गुणिले ३०, म्हणजे १०२ झाल्या. हाच रोगी साधन वापरू लागला, त्याचा निर्देशांक १२ पर्यंतच उतरला, परंतु साधन सहा तास तोंडात राहिले. तर घटना ६ गुणिले १२ अधिक १ गुणिले ३०, म्हणजे पुन्हा १०२ च. दोन्ही रात्रींचा सरासरी निर्देशांक १४.६ येतो. प्रयोगशाळेत श्रेष्ठ असलेला उपाय व शय्येवर टिकणारा उपाय यांची बरोबरी अशी होते. त्यातही स्वप्नावस्थेची निद्रा उत्तररात्री अधिक असते व रोध त्या अवस्थेत पुष्कळदा अधिक वेळ टिकतात, म्हणून मध्यरात्रीनंतर मुखवटा काढणारा रोगी नेमका धोक्याच्या वेळी उघडा पडतो. मात्र या हिशेबाचा उलटा अर्थ करू नये. घटनांची संख्या समान असली तरी प्रत्येक घटनेत प्राणवायू किती उतरला, हे या हिशेबात येत नाही; ज्याचा प्राणवायू फार खोल उतरतो अशा तीव्र रोग्यास प्रथम यंत्रच सुचविले पाहिजे, आणि ते सोसत नसेल तरच साधनाकडे वळले पाहिजे. भारतीय तज्ज्ञांनी २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांचा रोखही असाच आहे.

६. रोग्याची निवड

साधनाचा लाभ कोणास होईल हे आधी सांगता आले असते तर काम सोपे झाले असते. वय कमी, वजन बेताचे, मान बारीक, निर्देशांक सौम्य वा मध्यम, आणि उताणे झोपले असतानाच विकार प्रबळ होणे, या गोष्टी अनुकूल समजल्या जातात; परंतु यांपैकी एकही खात्रीची नाही. म्हणून प्रत्येक रोग्यास साधन देणे हा एक प्रयोगच असतो, आणि प्रयोगाचा निष्कर्ष मोजल्यावाचून तो पुरा होत नाही.

दंतवैद्याने पाहावयाच्या गोष्टी मात्र निश्चित आहेत. प्रत्येक जबड्यात साधन धरून ठेवण्याइतके, साधारणतः आठ ते दहा, दृढ दात असावेत. जबडा स्वेच्छेने किमान पाच मिलिमीटर तरी पुढे नेता यावा. हिरड्यांचा प्रगत विकार, हलणारे दात, दुखणारा हनुसंधी किंवा उपचार न झालेली कीड असल्यास प्रथम त्यांची व्यवस्था करावी. तोंड उघडून जीभ बाहेर काढावयास सांगितले असता मृदुतालू व पडजीभ कितपत दिसतात, हे पाहण्याची श्रेणीपद्धती भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपती यांनी १९८५ साली श्वासनालात नळी घालण्याच्या संदर्भात प्रसिद्ध केली. तिचा उपयोग संशयित रोगी हेरण्यासाठीही होतो, आणि ती पाहण्यास दंतवैद्याच्या खुर्चीहून सोयीची जागा नाही.

लहान मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्यांच्यात वाढलेले गलग्रंथी व नाकामागील ग्रंथी हेच बहुधा कारण असते, आणि उपचारही त्या दिशेने होतो. टाळू अरुंद असेल तर तो रुंद करण्याची दंतसुधारशास्त्रीय पद्धती निवडक मुलांत साहाय्यक ठरते. प्रौढांत जबड्याची रचनाच दोषी असेल तर दोन्ही जबडे शस्त्रक्रियेने पुढे आणण्याचा मार्ग आहे. तो परिणामकारक असला तरी मोठ्या शस्त्रक्रियेचा आहे, हे रोग्यास स्पष्ट सांगितले पाहिजे.

७. साधनाचे मोल

प्रारंभीच्या आठवड्यांत लाळ सुटणे किंवा तोंड कोरडे पडणे, सकाळी दात व जबडा दुखणे, काही वेळ चावा नीट न बसणे या तक्रारी सामान्य असून त्या बहुधा ओसरतात. दूरगामी परिणाम निराळा आहे, आणि दंतवैद्याने त्याकडे डोळेझाक करता कामा नये. पुढे ओढलेला जबडा स्नायूंच्या ताणाने रात्रभर मागे येऊ पाहतो. हा जोर साचांमार्फत दातांवर पडतो. त्यामुळे वरचे पटाशीचे दात आत व खालचे बाहेर झुकू लागतात. दंतसुधारशास्त्रात आपण जो जोर हेतुपूर्वक लावतो, तोच येथे अनिच्छेने लागतो. कॅनडात सरासरी ११ वर्षे साधन वापरलेल्या ७७ रोग्यांची तपासणी करून २०१४ साली जो वृत्तांत आला, त्यात वरच्या पुढील दातांचे खालच्यांवरील उभे आच्छादन सरासरी २.३ मिलिमीटर व आडवे अंतर १.९ मिलिमीटर घटलेले आढळले. ज्याचे वरचे दात मुळातच फार पुढे आहेत त्यास हा बदल इष्टही वाटेल. ज्याचे दात कडेस कडा लावून बसतात त्याचा चावा मात्र यामुळे उलटा होऊ शकतो.

सकाळी साधन काढल्यावर चाव्याची पूर्वस्थिती परत आणणारी छोटी पट्टी चावणे व जबड्याचे व्यायाम करणे हे उपाय सांगितले जातात. तरीही काही बदल होणारच, हे गृहीत धरून उपचारापूर्वी दातांचे साचे व छायाचित्रे जपून ठेवावीत, रोग्याची लेखी संमती घ्यावी आणि दर वर्षी तुलना करावी. दोन मिलिमीटर चाव्याच्या बदल्यात रात्रीचा श्वास मिळत असेल तर सौदा वाईट नाही. परंतु तो सौदा रोग्याने समजून उमजून केलेला असला पाहिजे.

८. नीरव धोका

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. समजा, एक गृहस्थ पत्नीच्या तक्रारीवरून दंतवैद्याकडे आले. निद्रेची तपासणी न करता त्यांस साधन दिले. आठवड्यात घोरणे थांबले. पत्नीस झोप लागू लागली. सर्वांस समाधान वाटले. आता या गृहस्थांचा निर्देशांक ४० वरून २० वर आला असेल, तर काय झाले? ध्वनी उत्पन्न करणारे कंपन थांबण्यापुरता मार्ग रुंदावला. परंतु तो मिटणे थांबले नाही. पूर्वी निदान घोरण्याच्या आवाजाने विकार स्वतःची वर्दी देत होता. ती वर्दी आता बंद झाली. विकार शिल्लक आहे व त्याचा पहारेकरी निजला आहे, अशी ही स्थिती होय. रक्तदाब वाढत राहील, दिवसाचे पेंगणे वयाच्या माथी मारले जाईल, आणि वैद्याकडे जाण्याचे कारणच कोणास उरणार नाही.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा, की घोरण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढास साधन देण्यापूर्वी निद्राविकार जाणणाऱ्या वैद्याकडून निदान झालेच पाहिजे. रात्रभराची प्रयोगशाळेतील नोंद शक्य नसल्यास योग्य रोग्यात घरी लावावयाच्या लहान उपकरणाने केलेली तपासणीही चालते. दुसरा असा, की साधनाची स्थिती निश्चित झाल्यावर ते तोंडात असतानाच पुन्हा तपासणी करावी. पहिला नियम पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. दुसरा खर्चाच्या व वेळेच्या सबबीवर टाळला जातो. रोग्यास बरे वाटते, पत्नी समाधानी आहे, मग पुन्हा तपासणी कशास, असे विचारले जाते. परंतु बरे वाटणे व बरे होणे यांतील अंतर मोजण्याचे अन्य साधन आपल्यापाशी नाही.

उलट दिशेचे कर्तव्यही आहे. रोगी दंतवैद्याकडे दाढ दुखते म्हणून येतो. परंतु त्याच्या झिजलेल्या दाढा, जिभेच्या कडांवरील दातांचे ठसे, आखूड जबडा, खाली लोंबणारा मृदुतालू आणि खुर्चीत बसल्या बसल्या लागणारी डुलकी या गोष्टी पाहण्याची संधी बहुधा दुसऱ्या कोणा वैद्यास मिळत नाही. यांपैकी कोणतेही एक चिन्ह निदानास पुरेसे नाही; अनेक चिन्हे एकत्र दिसली तर मात्र ‘आपण रात्री घोरता काय, आणि घोरता घोरता मध्येच थांबता असे घरची माणसे सांगतात काय?’ एवढा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. हा प्रश्न शक्य तर रोग्यासोबत आलेल्या माणसासही विचारावा. कारण या विकारात साक्षीदार नेहमी दुसराच असतो.

सारांश, खालच्या जबड्यास पुढे धरणारे साधन हा सौम्य व मध्यम निद्राश्वासरोधावरील, तसेच यंत्र न सोसणाऱ्या इतर रोग्यांसाठी, एक तर्कशुद्ध व अनुभवाने पारखलेला उपाय आहे. त्याचे सामर्थ्य जीभ व जबडा यांच्या शारीर संबंधात आहे. त्याची मर्यादा रोग्यारोग्यांतील भेदात आहे. आणि त्याचा धोका त्याच्या यशातच दडलेला आहे. आवाज थांबविणे हे दंतवैद्यास सहज साधते. श्वास चालू राहिला की नाही, हे मोजून पाहिल्यावरच त्याचे काम पुरे झाले, असे म्हणता येईल.